व्याह्याला दिलेलं काम

२२ नोव्हेंबर १९९९, पिंपळवंडी

तुळशीचं लग्न लागलं. आता घराचं काढायला हरकत नाही. जुनं मातीचं घर दिवाळीआधीच उतरवलं आणि सध्या मी आणि कुशाबाई जागेच्या कोपऱ्यात पत्र्याच्या शेडात संसार मांडून बसलोय.

मी एसटीत कंडक्टर, नारायणगाव डेपो. मुंबईची मुक्कामी गाडी. आज गेलो की उद्या घरी. त्यामुळे मला कंत्राटदार असा पाहिजे, की पाया खणण्यापासून रंगापर्यंत सगळं त्याच्या गळ्यात घालून मी निवांत गाडीवर जाईन. येऊन चुका काढायचं काम तेवढं मी करीन. ते मला चांगलं जमतं.

आतापर्यंत दोघे येऊन गेले. नारायणगावचा एक जण मोटारीतून आला आणि त्याने कागद पसरला. त्यात घरापुढे झाड काढलेलं आणि झाडाखाली गाडी. मी म्हटलं, "बाबा, माझ्याकडं सायकल हाय." तर म्हणतो, पुढं-मागं घ्याल की! मी त्याला पुढेच धाडून दिला. दुसरा आळेफाट्याचा. तो आमच्या जागेत उभा राहून सारखा तंबाखू थुंकत होता. कुशाबाईने त्याला चहासुद्धा विचारला नाही, म्हणजे निकालच लागला.

२६ नोव्हेंबर

तिसरं नाव आमच्या दोघांच्या मनात पहिल्यापासून आहे. कोणी तोंडातून काढत नव्हतं. आज मीच काढलं. भगवंतराव, आमच्या हर्षालीचे सासरे. कळंबला राहतात, आंबेगाव तालुक्यात त्यांनी बांधलेली घरं पाहिजे तेवढी दाखवता येतील.

कुशाबाई लगेच म्हणाली, "सोयऱ्याला काम देऊ नगा. चुकलं तर त्यास्नी बोलायचं कुणी? आपुन पोरीकडचं."

बाई बरोबर बोलते. पण माझं गणित निराळं आहे. हर्षालीच्या लग्नाला सहा वर्षं झाली. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. दुसऱ्या खेपेला तर मी डेपोत, स्टँडवर, अख्ख्या आळीत पेढे वाटून मोकळा झालो होतो. आनंद झाला तर माणसाने काय करावं? त्यानंतर पोरगी फार गप्प झाली. सासरचे अजून एका शब्दाने बोललेले नाहीत, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. भांडणारा प्रवासी परवडतो, गप्प बसलेला खाली उतरून तक्रार करतो. उद्या त्यांनी पोरीला आमच्या दारात आणून सोडली तर मी काय करू? म्हणून हे काम त्यांनाच द्यायचं. घरोबा वाढेल, माझ्या पोरीला तिथे दोन घास मानाने मिळतील. घर काय, कसंही बांधून होईल.

१ डिसेंबर

कळंबला जाऊन काम पक्कं केल्याचा नारळ दिला. व्याही उंचेपुरे, आवाज असा की शेजारच्या वावरातला बैल थबकेल. म्हणाले, "पावणं, तुमी गाडीवर जावा निर्धास्त. माझंच घर समजून बांधतो."

हर्षालीने चहा आणला. वाळलीय. मी म्हटलं, "बरी हायस ना?" म्हणाली, "हाय की अण्णा," आणि आत गेली.

१७ डिसेंबर

पाया झपाट्याने भरला. बहिरू गवंडी चांगला हात चालवतो. मला वाटलं, असं चाललं तर होळीला घरात.

आज व्याही जीप घेऊन आले. एरवी फटफटीवर येतात. जीपमध्ये पुढे हर्षाली, मांडीखाली उशी. आणि जीप चालवत होते अशी, की मागून येणारी बैलगाडी भोंगा वाजवील. उतरल्यावर म्हणतात, "पावणं, बांधकामावर पाणी मारायला घरचं माणूस पायजे. मजूर पाणी मारत न्हाईत, भिंतीला दाखवून ओततात. आमची हर्षाली ऱ्हाईल हितं."

मी म्हटलं, किती दिवस? ते म्हणाले, "भिंत पिऊस्तवर."

भिंत पाणी पितेय किती आणि पोरगी इथे ठेवायची किती! पण लेक घरी आल्याचा आनंद झाला नाही, असं खोटं कशाला लिहू? कुशाबाईचं तर पोरीपुढे काय ठेवू आणि काय नको असं चाललंय.

२९ डिसेंबर

हर्षालीला हे काम मनापासून आवडलेलं दिसतं. पाणी मारून झालं की ओल्या विटांना नाक लावून उभी राहते. मी म्हटलं, "काय गं?" तर म्हणे, वास लई भारी येतो अण्णा. असेल बुवा. मला तर सर्दी होते.

व्याह्यांनी तिच्या हातातली बादली काढून घेतली. पंपाला लांब पाइप जोडून दिला. म्हणे, बादलीने पाणी वाया जातं. मग इतकी वर्षं कळंबच्या घरांना काय चमच्याने पाणी मारलं?

१५ जानेवारी २०००

संक्रांत. मला वाटलं आज तरी तिला सासरी नेतील. जावई आले, भरतराव. तिळगूळ दिला, पोरीजवळ बसले आणि गेले. विहीणबाईंनी वाण पाठवलं आणि कैरीच्या लोणच्याची बरणी. लोणच्याची बरणी! सणाला सून घरी न्यायची सोडून ही पद्धत कुठली? मी कुशाबाईला म्हटलं, ही लक्षणं मला ठीक दिसत नाहीत. ती म्हणाली, "तुमी जेवा आदी."

हर्षालीला सकाळी मळमळतं. सिमेंटची धूळ. मी बहिरूला झापलं, गोणी लांब जाऊन फोड म्हणून.

३ फेब्रुवारी

आता हद्द झाली. पुढच्या भिंती कमरेपर्यंत येऊन थांबल्या आहेत आणि व्याह्यांनी मागच्या बाजूची मधली खोली तेवढी वर नेली. तिच्यावर एकटीवर स्लॅब टाकायचा म्हणतात! माझ्या घराचा स्लॅब दोन तुकड्यांत! पावसाळ्यात त्या सांध्यातून पाणी गळेल तेव्हा मी छत्री घेऊन झोपू का? खिडकी एकच आणि तीही लहान. म्हणे, वारं नको. अहो, वारं नको तर खिडकी कशाला? खोलीला लागून न्हाणी, तीही एवढी मोठी की म्हैस धुता येईल.

मी हळूच म्हटलं, "पावणं, पुढची वसरी, सैपाकघर आदी झालं असतं तर..." ते म्हणाले, "व्हईल, व्हईल. मधली खोली म्हंजी घराचं पोट. ती आदी." दुसरा कंत्राटदार असता तर त्याला पुढच्या स्टॉपला उतरवला असता.

२१ फेब्रुवारी

मधल्या खोलीला प्लास्टर, चुना, सिमेंटचा कोबा, दार, कडी सगळं झालं. बाकीचं घर उघडं आहे. व्याह्यांनी फर्मान काढलं: कुशाबाई आणि हर्षाली खोलीत झोपतील, मी बाहेर शेडात. का? तर लोखंडी सळया चोरीला जातात. घर माझं, जागा माझी, आणि मी सळयांचा राखणदार.

आणखी एक. दर महिन्याला व्याही या दोघींना फरश्या पसंत करायला नारायणगावला नेतात. तिसरी खेप झाली. फरशी एक आली नाही, पिशवीतून गोळ्या तेवढ्या येतात. कुशाबाईला विचारलं, तुला काय होतंय? म्हणाली, "मला काय हुतंय? शक्तीच्या हायेत." या वयात हिला शक्ती कशाला पाहिजे?

८ मार्च

पुढची एक भिंत ओळंब्यात नाही म्हणून व्याह्यांनी स्वतः पाडायला लावली. मी ओळंबा लावून बघितला होता. सरळ होती. मला काय दिसत नाही?

स्टँडवर आज एकाने विचारलं, "मास्तर, लेक बरेच दिवस माहेरी हाय, काय म्हणत्यात पावणं?" मी हसून घालवलं. गाडीत एकाच प्रवाशाला दोनदा तिकीट फाडलं. मला आता कळून चुकलंय. हे काम मुद्दाम रेंगाळतंय. घर पुरं होत नाही तोवर पोरगी इथे, आणि घर पुरं करायचंच नाही. म्हणजे सोडचिठ्ठी म्हणायला नको आणि न्यायला पण नको. माझ्या पोरीला न बोलता टाकली. कोणाला सांगू? जीव टांगणीला लागलाय.

१४ मार्च

लिहायलाही लाज वाटते. आज माझा तोल गेला.

मुंबईहून आलो तर काम बंद. व्याही विटांच्या ढिगावर बसलेले. म्हणाले, बहिरू गावच्या जत्रेला गेला, आता होळीनंतरच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार मजूर उभे होते, त्यांच्यासमोर मी बोललो. म्हटलं, "पावणं, माझी पोर तुमास्नी नको आसंल तर तोंडानं सांगा. भिंती पाडून सांगू नगा. तिला मूल झालं न्हाई हा काय तिचा गुन्हा हाय? मला घर नको, काय नको. उचला तुमचं सामान!"

व्याही उभे राहिले. मला वाटलं आता हा माणूस मला हाणतो. हाणलं असतं तर बरं झालं असतं. त्यांचं तोंड पार उतरलं. मधल्या खोलीच्या दाराकडे त्यांनी एकदा पाहिलं. तिथे हर्षाली चौकट धरून उभी होती. तिने मान हलवली, नाही नाही अशी. मग व्याही एवढंच म्हणाले, "पावणं, आजून थोडी कळ काढली आसती तुमी." आणि फटफटीला किक मारून गेले. चहा न घेता गेले. आमच्या दारातून व्याही उपाशी, अपमान होऊन गेला.

हर्षाली रडायला लागली आणि कुशाबाईने मला कधी नव्हे ते एकेरीत झापलं. "आरं बाबा, पाचवा महिना सरलाय तिला!"

मी तसाच खाली बसलो. मग सगळं ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी तिला जड उचलायचं नाही, दगदग करायची नाही, सांगितलंय. कळंबला मोठं खटलं, माणसांचं येणं-जाणं. तिथे सून पडून राहिली की दहा जणी विचारणार, आणि या वेळी कुणी विचारू नये अशी पोरीची इच्छा. माहेरी ठेवायची तर त्यालाही निमित्त पाहिजे. ते निमित्त व्याह्यांनी माझ्या घराचं केलं. बापाचं घर चाललंय, आईला मदत म्हणून सून तिकडं हाय. घर झालं की निमित्त संपलं, म्हणून घर होऊ देत नव्हते. सरळ भिंत पाडली ती यासाठी. आणि मधली खोली बाळंतिणीची.

मी म्हटलं, "मग मला का न्हाई सांगितलं?" तर हर्षाली डोळे पुसत म्हणाली, "अण्णा, तुमी पेढं वाटलं आसतं."

मी काय जगाला सांगत सुटतो काय!

१५ मार्च

चांगदेव ड्रायव्हर आज गाडीत म्हणाला, मास्तर, लई खुशीत दिसता. ओठावर आलं होतं. बाहेर बघितलं आणि घंटी मारली. विनाकारण मारली. त्याने गाडी थांबवली. मागचे प्रवासी मला शिव्या देत होते आणि मी हसत होतो.

१७ मार्च

रजा टाकून कळंबला गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवली. पाय धरायचे हे ठरवलंच होतं. व्याही अंगणात सुतळीचा गुंता सोडवत बसले होते. मी वाकलो तसा त्यांनी माझा दंड धरून बाजूला बसवला आणि विचारलं, "पावणं, न्हाणीचं पाणी मागं काढू का फुडं?"

मी म्हटलं, तुमी म्हणाल तिकडं.

"बाळंतिणीची न्हाणी हाय. शेक-शेगडी, आंघोळीला घागरी-घागरी पाणी. मागं केळी लावू, तिकडं काढू."

एवढंच बोलणं झालं. माझी वाक्यं तशीच राहिली. विहीणबाई चहा घेऊन आल्या आणि मला रडू आलं. व्याही सुतळीच सोडवत राहिले, माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांनाही आलं असतं.

१९ मे

काल गाडी आळेफाट्यावर आली तर बहिरू सायकल घेऊन उभा. म्हणाला, ताईला कळा येत्यात, दवाखान्यात नेलंय. नुकता आठवा लागलेला. मी चांगदेवच्या हातात तिकिटाची पेटी दिली आणि जीपला लटकलो. काय केलं ते नोकरीत बसत नाही, बघू पुढे.

दवाखान्याच्या पायरीवर व्याही बसले होते. अंगावर सिमेंट तसंच. मी मनात म्हणत होतो, देवा, घर पडू दे, पावसात वाहून जाऊ दे, पण हे राहू दे. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, थांबल्यात कळा, पोट ठीक आहे, आता खाटेवरून उतरायचं नाही. व्याह्यांनी पायरीवरच पाय पसरले आणि मला तंबाखू विचारली. मी खात नाही. खाल्ली.

१० जून

पाऊस लागायच्या आत पुढचा स्लॅब टाकून झाला. बाळंतपणाला लेक माहेरी असतेच, निमित्त लागत नाही, म्हणून व्याह्यांनी आता सुसाट काम काढलंय. हर्षाली खाटेवरून विचारते, अण्णा, कुठवर आलं? मी रोज सांगतो. पहिल्या पावसात सांधा गळला नाही. गळेल असं मला वाटलं होतं.

२४ जुलै

मुलगी झाली! दवाखान्यात पहाटे. दोघी सुखरूप. कुशाबाई म्हणते नाक माझ्यावर आहे, बिचारीचं नशीब.

मुलगी म्हटल्यावर मी आधी दाराकडे बघितलं, सासरचे काय म्हणतील म्हणून. व्याही भरतरावांना बरोबर घेऊन आले. दाराबाहेर उभे राहून एवढ्या मोठ्या आवाजात हाक मारली, "आली का माझी मालकीण?" नर्स धावत आली त्यांना गप्प करायला. आणि पेढे मी वाटायच्या आत त्यांनी वाटले. अख्ख्या दवाखान्यात, रिक्षास्टँडवर, समोरच्या वखारीत. मला एकही शिल्लक ठेवला नाही. माझ्या जिभेला म्हणे हाड नाही!

६ ऑगस्ट

बारसं झालं. आरती नाव ठेवलं. मधल्या खोलीत शेगडीची ऊब, ओव्याचा वास, वाऱ्याची झुळूक नाही. पुरुषांना आत मज्जाव. खोली बांधणाराही बाहेर आणि खोलीचा मालकही बाहेर. व्याही रोज काही ना काही मोजायला येतात. काल भिंतीला टेप लावून कान पण भिंतीला लावला होता. मी विचारलं, काय मोजताय? म्हणाले, "उचकी लागलीय तिला."

२ ऑक्टोबर

घर झालं. ओसरीची फरशी आज बसली, आता काहीच उरलं नाही. रंग पण झाला. गावातली माणसं येऊन बघून जातात, स्लॅबचा सांधा कुणाला दिसत नाही. दसऱ्यानंतर हर्षालीला आणि तान्हीला न्यायला येणार, असा निरोप आहे. न्यायलाच पाहिजे. मीच तर म्हणत होतो, नेत का नाहीत.

आरती माझ्या शर्टाचं बटण धरून झोपते. बटण सोडवून घ्यायचं म्हणजे ती जागी होते, म्हणून मी तसाच बसतो. आज गाडी चुकता चुकता राहिली.

१० ऑक्टोबर

सकाळी व्याही जीप घेऊन आले. विहीणबाईंनी सुनेला लुगडं, नातीला कुंची-टोपरं पाठवलेलं. हर्षाली आवरून, पिशवी जीपमध्ये ठेवून बसली. सासरी जायचं म्हणून तिचा चेहरा असा फुललेला, की मला चांगलं पण वाटलं आणि वाईट पण. सहा वर्षांत तिला तिकडे जाताना अशी बघितली नव्हती. कुशाबाई आत बाळंतविडा बांधत होती आणि सारखी नाक ओढत होती.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी ओसरीवर उभा राहिलो आणि म्हटलं, "पावणं, आसं कसं? ह्या वसरीचा उतार उलटा हाय. सगळं पाणी घरात येनार."

व्याही खाली बसले. तांब्याभर पाणी मागितलं आणि ओतलं. पाणी सरळ अंगणात गेलं, एक थेंब मागे वळला नाही. आता हा माणूस मला हसणार, असं मला वाटलं. व्याह्यांनी पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या खांद्यावर झोपलेल्या आरतीकडे, तिच्या मुठीत माझं बटण.

"आयला, खरंच की वो पावणं," ते म्हणाले. "पार उलटा हाय."

बहिरू म्हणाला, "आवो मालक, पानी तर..."

"तू गप रं! घण आण."

आणि त्यांनी स्वतः घण मारला. नवी कोरी फरशी, कोपऱ्यापासून उभी फोडली. मग हात झटकत म्हणाले, "हे पुन्ना करायला दिवाळी येईल. आसं काम आर्धं टाकून सुनंला न्यायची म्हंजी लोक काय म्हणतील? हर्षाली, उतरव बाई ती पिशवी. मी सांगतो तुझ्या सासूला." आणि मोकळी जीप घेऊन गेले.

हर्षाली तोंडाला पदर लावून हसत होती. कशाला ते कळलं नाही. मी कुशाबाईला आत जाऊन सांगितलं, बघ, कसा गंडवला व्याह्यांना! ती म्हणाली, "व्हय, लई हुशार तुमी."

माणूस लाख मोलाचा आहे. पण एवढी घरं बांधूनही उतारातलं त्यांना काही म्हणजे काही कळत नाही.